नारोपंतांच्या वहीतलं नेब्रास्का

साहेब रामकुंडात पडला तो टोपीसकट, बुटांसकट आणि गळ्यातल्या कॅमेऱ्यासकट पडला. काठावर पन्नास माणसं होती. त्या पन्नासांनी "अरे अरे अरे!" म्हणण्यापलीकडे काही केलं नाही, कारण बुडत्या साहेबाला हात लावला तर बक्षीस मिळतं की अटक होते, हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं.

नारोपंत खालच्या पायरीवर धोतराचा सोगा पिळत उभे होते. त्यांनी विचार न करता खांद्यावरचं उपरणं फेकलं. साहेबाने ते गच्च धरलं. भाद्रपदातलं पाणी, पायरीवर बोटभर शेवाळ आणि पलीकडे दोनशे पौंडांचा साहेब. नारोपंतही आत. मग साहेबाचा टांगेवाला रहेमान वरून धावत आला, त्याने चाबकाचा दांडा पुढे केला आणि आधी साहेबाला, मग नारोपंतांना ओढून काढलं. दोघे पायरीवर बसून सारखेच खोकले.

शेंडीतून पाणी गळतंय, दात वाजतायत, आणि अशा अवस्थेत नारोपंतांच्या तोंडून पस्तीस वर्षांच्या सवयीने आपोआप बाहेर पडलं :

"गाव कोणतं?"

तीर्थावरच्या उपाध्यायाला दुसरा प्रश्न येतच नाही. कारण त्याचं सगळं पोट त्या एका प्रश्नावर. जमीन वाटून घ्यावी तशी उपाध्यायांनी गावं वाटून घेतलेली. माणूस आला की गाव विचारायचं, त्या गावाची वही काढायची, त्याच्या आजा-पणजाचं नाव त्याला वाचून दाखवायचं, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं की खाली त्याचं आणि पोराबाळांचं नाव लिहून घ्यायचं. ज्याचं गाव त्याचा यजमान. दुसऱ्याच्या यजमानाला हात लावला तर घाटावर हाणामारी.

आता नारोपंतांच्या वाटणीची गत अशी, की चुलत्यांनी नामपूर-सटाण्याकडची भरलेली गावं घेतली. तिकडची माणसं इतकी भाविक की म्हैस व्याली तरी तीर्थाला येतात. ती गावं आता चुलतभाऊ चिमाजीपंतांकडे होती. नारोपंतांच्या वडिलांना आली नऊ वाड्यावस्त्या. त्यातल्या चार प्लेगात ओस पडल्या, दोन धरणाच्या पाण्याखाली गेल्या, एक अख्खी कुठल्याशा पंथाला लागली, त्यांना तीर्थच वर्ज्य. उरलेल्या दोन गावची माणसं इतकी निरोगी आणि इतकी चिकट की मरतही नव्हती आणि घाटावर फिरकतही नव्हती.

आणि पंचांचा नेम होता : एका सिंहस्थापासून दुसऱ्या सिंहस्थापर्यंत ज्याच्या वहीत एकही नवा यजमान चढला नाही, त्याची घाटावरची बैठक गेली. छत्री उपटायची, चौरंग उचलायचा, जागा मोठ्या पातीच्या, म्हणजे मोठ्या वाट्याच्या, भाऊबंदाला द्यायची. नारोपंतांची वही बारा वर्षं कोरी होती. बत्तीस साली लागलेल्या सिंहस्थाचा ध्वज उतरायला आता बावीस दिवस राहिले होते. पोटासाठी ते चिमाजीपंतांच्या वह्या लिहीत. पण लिहून झालं की आपल्या छत्रीखाली येऊन बसत. आजाने रोवलेली छत्री होती. ती गेली म्हणजे नारोपंत उपाध्याय नव्हेत, चिमाजीचे लेखनिक.

"पंतजी," रहेमान म्हणाला, "साबको पूछू का? गाव?"

रहेमानने लढाईच्या वेळी देवळालीच्या छावणीत गोऱ्या सोल्जरांचे टांगे हाकले होते. त्याचं इंग्रजी निम्मं शिव्यांचं होतं, पण उरलेलं निम्मं चांगलं होतं. त्याने विचारलं. साहेब टोपीतलं पाणी ओतत काहीतरी म्हणाला.

"बोलते, डॅनेब्रॉग. जिल्हा हॉवर्ड. मुलूख नेब्रास्का. अमरिकेत आहे म्हणे. विहिरीवर पवनचक्क्या विकायला हिंदुस्थानात आला. एक नाही विकली."

नारोपंतांच्या अंगावर काटा आला. तो थंडीचा नव्हता. अमेरिका! एकशेदहा पिढ्यांत नाशकातल्या कुठल्या उपाध्यायाच्या वहीत अमेरिका नव्हती. म्हणजे जो पहिला लिहील त्याची. नारोपंत ओल्या पावलांनी बैठकीवर चढले, वहीचं कोरं पान उघडलं आणि बोरू शाईत बुडवला.

"रहेमान, विचार. स्नान आपखुशीने केलं का?"

रहेमानने साहेबाकडे पाहिलं. साहेब बुटातून शेवाळ काढत होता.

"पंतजी, हे नको विचारू."

"बरं, बापाचं नाव?"

साहेब मोठा गमत्या निघाला. उन्हात कोट वाळत घालून तो चौरंगासमोर मांडी घालायला बसला, मांडी जमेना तेव्हा पाय पसरून बसला, आणि विचारलं ते सगळं सांगत गेला. नाव क्लाइड हॅन्सन. बाप नील्स. आजा येन्स. पणजा क्रिस्टेन. आईचं नाव सांगितलं, तीन आत्या सांगितल्या, लहानपणी गेलेला एक भाऊ सांगितला, तेव्हा जरा थांबला. गोत्र त्याला ठाऊक नव्हतं. ज्याला गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप, असं शास्त्रच आहे, तेव्हा हॅन्सन काश्यप झाले. नारोपंतांनी सगळं टिपलं. आणि शेवटी वहिवाटीने विचारलं, "मूळगाव?"

"बोलते, बाप तिथंच जन्मला. आजा डेन्मार्क मुलखातून बोटीने आला."

नारोपंतांनी लिहिलं : मूळगाव डेन्मार्क. खाली साहेबाने आपल्या हाताने सही ठोकली, दोघांशी हात मिळवला आणि ओल्या बुटांनी फचक फचक करत टांग्यात जाऊन बसला.

रंगूबाईंनी घरी ऐकून घेतलं आणि आधी नवऱ्याच्या डोक्यावर सुंठीचा लेप थापला.

"अहो, पण तो प्रांत आहे केवढा? माणसं किती?"

ते नारोपंतांनाही ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही म्हटल्यावर त्यांना झोप येईना. यजमानाचा मुलूख उपाध्यायाला माहीत नाही? नदी कुठली, वाट कुठली, शेजार कुणाचा, हे सांगता आलं नाही तर यजमान भरवसा कसा ठेवील? सकाळी उठून ते थेट म्युनिसिपालिटीच्या शाळेत गोटीराम मास्तरांकडे गेले. मास्तर मखमलाबादेकडच्या माळ्याचा मुलगा. घरचे झेंडू पिकवत आणि हे भूगोल शिकवत. त्यांच्याकडे एका पाद्र्याने दिलेलं अमेरिकेचं जाडजूड वार्षिक पुस्तक होतं, नव्या खानेसुमारीसकट.

"हे बघा पंत, नेब्रास्का."

नारोपंतांनी नकाशावर नाक टेकवलं आणि दचकून मागे घेतलं. आडवं, चौकोनी, आणि खालचा डावा कोपरा गायब. मयताची बातमी कळवायला कोपरा फाडून पोस्टकार्ड टाकतात ना, तस्सं.

"कोपरा कुठं गेला?"

"तो शेजारच्या कोलोरॅडोनं घेतलाय."

"भाऊबंद आहेत?"

"शेजारी हायेत."

"तेच ते," नारोपंत म्हणाले, आणि चिमाजीपंतांच्या वाड्याच्या दिशेने पाहिलं.

पण मग ते रमले. रोज लेखनाचं काम उरकलं की शाळा सुटायच्या वेळी फळ्याशेजारी येऊन बसत. नेब्रास्काला समुद्र नाही, हे ऐकून त्यांना बरं वाटलं, नाशकालाही नाही. प्लॅट नावाची नदी पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते, हे ऐकून तर त्यांनी मांडीवर थाप मारली : "आपल्या गोदेसारखी!" ती मैल मैल रुंद आणि पाणी घोट्याएवढं, नुसती वाळू. "वैशाखातली गोदा," नारोपंत म्हणाले. वायव्येला वाळूच्या टेकड्या, त्यांवर गवत, गवतावर गुरं. पूर्वेला मका. पाऊस पूर्वेला तीस इंच, पश्चिमेला जाता जाता पंधरा.

"म्हणजे इगतपुरीहून नांदगावाकडे गेल्यासारखं."

"त्याहून लय कमी हो. इगतपुरीचा पाऊस त्यांच्यावर पडला तर वाहून जातील समदे."

"माणसं सांगा, मास्तर."

मास्तरांनी बोट ओलं करून पान उलटलं. "तेरा लाख सत्त्याहत्तर हजार नऊशे त्रेसष्ट."

नारोपंत उभेच राहिले. मग बसले. मग पुन्हा उभे राहिले. चिमाजीपंतांची सगळी गावं मिळून चाळीस हजार भरत नव्हती.

"आणि हे बघा, जिल्हे त्र्याण्णव. हा आर्थर जिल्हा. पसारा चांगला तालुकाभर, आन् माणसं तेराशे."

"अख्ख्या जिल्ह्यात तेराशे? अहो, पर्वणीला आमच्या घाटावर याहून जास्त चपला हरवतात." नारोपंतांनी आर्थर जिल्ह्यावर बोट ठेवलं. "मास्तर, ती माणसं एकमेकांशी बोलायला कुठवर चालत जात असतील हो?"

मास्तरांच्या पुस्तकात हे नव्हतं.

घरी रंगूबाईंनी तेरा लाखांचा आकडा ऐकून विचारलं, "बायका धरून?" आणि धरून आहेत कळल्यावर पुढचं विचारलं, "ह्यातले येणार किती?"

"आला की एक."

"तो आला नाही, पडला."

"पडला तरी स्नान घडलं ना?"

रंगूबाई भाकरी थापत होत्या. थापता थापताच म्हणाल्या, "घडलं खरं. बुटांसकट घडलं. आणि आपल्याच गावची वेशीबाहेरची माणसं काळारामापासून ह्या पाण्यापर्यंत यायचं म्हणतात, तर तीन वर्षं दारं लावून पोलीस उभे केलेत. त्यांचे तर पायही अनवाणी आहेत."

नारोपंतांनी भाकरीचा तुकडा मोडला. ह्याला उत्तर वहीत नव्हतं, शास्त्रात त्यांनी शोधलं नाही.

इकडे बातमी चिमाजीपंतांना लागलीच. नारोपंतांची बैठक आज ना उद्या आपलीच, अशा हिशेबाने त्यांनी तिथे टाकायला नवी सतरंजीसुद्धा आणली होती. चिमाजीपंत म्हणजे ऐसपैस माणूस. तपकीर ओढली की आधी पोट हलायचं, मग शिंक यायची. त्यांनी पंचांकडे हरकत नोंदवली आणि ध्वज उतरायच्या आदल्या दिवसाची तारीख लागली.

त्या सकाळी गोटीराम मास्तर पुस्तक बगलेत मारून नारोपंतांकडे आले. वहीतला लेख त्यांनी एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला, आणि कपाळाला हात लावला.

"पंत, ही शेवटची ओळ कशाला लिहिली?"

"कुठली? मूळगाव? अहो, ती लिहावीच लागते."

"तुमच्या घाटावर यजमान कुणाचा ठरतो? राहतो त्या गावावर का मूळगावावर?"

नारोपंतांच्या हातातली वही खाली आली. पस्तीस वर्षं ते हेच करत आले होते. पोटासाठी मुंबईला गेलेला नामपूरकर मुंबईचा नव्हे, नामपूरचाच. चार पिढ्या गेल्या तरी नामपूरचाच. हॅन्सनचा आजा बोटीने आला होता. म्हणजे नेब्रास्का हे हॅन्सनचं पोटामागे गेल्याचं गाव.

"ती ओळ वाचू नका," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "चिमाजीपंतांना काय कळतंय? इथून तिथवर कोण जाणारे विचारायला?"

"ह्या मास्तरांचं ऐका हो," रंगूबाई दारातून म्हणाल्या. "एकच तर ओळ आहे. तिच्यापायी सासऱ्यांची जागा जायची."

नारोपंत वही उपरण्यात गुंडाळून निघाले.

पंच पाच जण. मधोमध थोरले शास्त्री, वय चौऱ्याऐंशी, अर्धं ऐकायचे आणि अर्धं झोपायचे. पण झोपेतूनही नेमक्या जागी जागे होत. घाटावर ही गर्दी. आपलाच पैलवान उतरल्यासारखा रहेमान टांगा सोडून वरच्या पायरीवर उभा.

चिमाजीपंतांनी तपकीर ओढली. "माझं म्हणणं, असा प्रांतच नाही. नाऱ्याने काढलाय डोक्यातून."

मास्तरांनी पुस्तक उघडून धरलं. पाचही पंचांनी आळीपाळीने नेब्रास्का पाहिलं. एका पंचाने ते उलटं धरून पाहिलं आणि "आहे खरं" म्हणून पुढे दिलं.

"बरं, असेल. पण साहेबाने संकल्प सोडला का? नुसता घसरला!"

थोरले शास्त्री डोळे मिटूनच म्हणाले, "अरे चिम्या, तुझे निम्मे यजमान बायकोच्या धाकाने उतरतात पाण्यात. त्यांचे संकल्प मोजतो का कुणी? पुढे."

गर्दी हसली. रहेमानने वरून चाबूक वाजवला. नारोपंतांच्या छातीत पहिल्यांदाच थोडी ऊब आली. चिमाजीपंतांच्या पिशवीतल्या हरकती संपल्या होत्या. ते नुसतीच पिशवी चाचपत होते.

"लेख वाच, नारबा," शास्त्री म्हणाले. "आणि मोकळे होऊ."

नारोपंत उभे राहिले. "क्लाइड, पिता नील्स, आजा येन्स, पणजा क्रिस्टेन. गोत्र काश्यप. गाव डॅनेब्रॉग, जिल्हा हॉवर्ड, प्रांत नेब्रास्का, देश अमेरिका. भाऊ अर्ल, सहाव्या वर्षी निवर्तला." ते थांबले. मास्तरांनी खोकून घेतलं. रहेमान वरून पुटपुटला, "बस करो पंतजी." थांबायला ती जागा चांगली होती. लेख पुरा वाटत होता.

नारोपंतांनी वहीकडे पाहिलं. ह्या वहीत त्यांच्या आजाचं अक्षर होतं, बापाचं होतं. ओस पडलेल्या चार वाड्यांची माणसं होती, जी आता दुसऱ्या कुठेच नव्हती. त्यांतलं कुणाचं एक नाव आजाने सोयीसाठी गाळलं असेल, असं त्यांच्या मनात आजवर कधी आलं नव्हतं. आज त्यांनी ओळ गाळली, तर यायला लागलं असतं.

"मूळगाव," ते म्हणाले, "डेन्मार्क."

चिमाजीपंतांच्या नाकाशी गेलेली चिमूट तिथेच राहिली. मग पोट हललं, आणि ते शिंकायच्या ऐवजी ओरडले, "मूळगाव! मूळगाव दुसरं! यजमान नेब्रास्काचा नव्हेच!"

मग कल्ला. डेन्मार्क कुणाचं? कुणाचंच नाही. बेवारशी गाव कुणाकडे जातं? मोठ्या पातीकडे. नाशकात मोठी पाती चिमाजीपंतांची. वहिवाट सरळ होती, आणि ती नारोपंतांनीच आजवर दहा जणांना समजावून सांगितली होती.

थोरल्या शास्त्र्यांनी डोळे उघडले. त्यांनी नारोपंतांकडे पाहिलं. "नारबा, तुला ही ओळ ठाऊक होती?"

"मीच लिहिलीय."

"हं," शास्त्री म्हणाले. "डेन्मार्क चिमाजीचं. नेब्रास्का नारबाचं राहू द्या. मास्तर, त्या तेरा लाखांत मूळगावच नेब्रास्का असलेले किती?"

मास्तर पुस्तक चाळू लागले. जर्मनीहून आलेले, स्वीडनहून आलेले, बोहेमियाहून आलेले. "बहुतेक समदे कुठून ना कुठून आलेलेच हायेत. तिथले मूळचे... ज्यांची ती जमीन होती, ते इंडियन. तीन-साडेतीन हजार उरलेत."

घाट खदखदून हसला. तेरा लाखांचे साडेतीन हजार झाले होते, आणि त्यांतला एकही रामकुंडात पडलेला नव्हता. एकटे नारोपंत हसले नाहीत. त्यांनी मान पुढे करून विचारलं, "कुठल्या भागात राहतात ते, मास्तर?"

"ईशान्येकडं. सरकारनं हद्द आखून दिलीय, तेवढ्यात."

"नदी आहे ना जवळ?"

"हाय. मिसुरी."

"मग ठीक," नारोपंत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ध्वज उतरला. दुपारी चिमाजीपंत सतरंजी घेतलेला गडी बरोबर घेऊन बैठकीशी आले. नियमाप्रमाणे लेख त्यांच्या वहीत उतरवून द्यायचा होता, आणि चिमाजीपंतांच्या वह्या लिहायचं काम नारोपंतांचं. तेव्हा नारोपंतच चौरंगावर बसून तो लिहीत होते. चार ओळींचा लेख दुसऱ्या पानावर गेला होता.

"नाऱ्या, काय लिहितोस एवढं? नाव, बापाचं नाव, पुरे की."

"चिमाजीदादा, माणूस तुमच्याकडे जातोय. पन्नास वर्षांनी त्याचा नातू आला, तर तुमच्या नातवाला काही सांगता यायला नको? ही बघा वाट लिहिली. मुंबईहून बोट, मग आगगाडी दोन रात्री. शेतात मका. ही लूप नदी, ती प्लॅटला मिळते."

चिमाजीपंतांनी वाकून पाहिलं. इतकं सुबक अक्षर त्यांच्या वह्यांत नारोपंतांनी पस्तीस वर्षांत काढलं नव्हतं. तपकिरीची डबी त्यांनी उघडली आणि तशीच मिटली.

"नारोबा," ते म्हणाले, "हे डेन्मार्क... ते कुठंशी आलं?"

"ते मलाही ठाऊक नाही. उद्या विचारतो मास्तरांना."

गड्याने छत्रीच्या दांड्याला दोन्ही हात घातले. दांडा जुना, दगडांत घट्ट बसलेला. तो आधी कुरकुरला, मग एकदम वर आला. भाद्रपदाचं ऊन ओल्या शाईवर पडलं.

"चल, उठ आता," चिमाजीपंत म्हणाले. "सतरंजी टाकायचीय."

"आलोच. पाऊस लिहायचा राहिलाय," नारोपंत म्हणाले, आणि पानावर आपली सावली येईल एवढे पुढे वाकून त्यांनी बोरू पुन्हा शाईत बुडवला.